दुनळी घ्यायची तर आडवी की उभी? फेझंटच्या निमित्ताने बारा बोअरची तुलना

बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचे माप, आकडा मोठा तितकी नळी बारीक) दुनळी घ्यायची ठरली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: नळ्या शेजारी-शेजारी असलेली आडवी घ्यावी, की एकीवर एक असलेली उभी? बेळगाव, खानापूर, निपाणी आणि पलीकडचा चंदगड या पट्ट्यात हा प्रश्न विचारणारे तीन प्रकारचे लोक भेटतात. पहिले मराठा लाइट इन्फंट्रीतून किंवा दुसऱ्या पलटणीतून निवृत्त होऊन बँकेच्या पहाऱ्याची नोकरी धरणारे माजी सैनिक. दुसरे रानडुकरांपासून ऊस आणि भात राखणारे शेतकरी. तिसरी आपलीच अमेरिका-इंग्लंडला गेलेली पोरं. ऑक्टोबर लागला की तिथले सहकारी त्यांना फेझंट नावाच्या पक्ष्याच्या शिकारीला बोलावतात, आणि मग रात्री उशिरा फोन येतो, “मामा, तुम्हाला बंदुकीतलं कळतं, कुठली घेऊ?”

या तिसऱ्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो. दोन्ही दुनळींमधला फरक फेझंटसमोर जितका उघड होतो तितका दुसरीकडे कुठेच होत नाही.

त्याआधी एक गोष्ट साफ सांगितली पाहिजे. आपल्याकडे शिकार नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या १९९१च्या दुरुस्तीने तो विषय संपला, आणि संपला हे चांगलेच झाले. फेझंटच्या कुळातलेच मोर, रानकोंबडे, तित्तर आणि लावे आपल्या रानात आहेत. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पायवाटेने जाताना पायाजवळून रानकोंबडा भर्रकन उठतो, तेव्हा छातीत धस्स होते. तो तसाच उठत राहिला पाहिजे. त्याच्यावर नळी धरणाऱ्याला माझ्याकडून कसलाही सल्ला मिळणार नाही.

फेझंट कसा उठतो

फेझंट मूळचा आशियातला पक्षी. १८८०च्या दशकात तो शांघायहून अमेरिकेत ओरेगॉनला नेऊन सोडला आणि तिथून मक्याच्या नि गव्हाच्या मुलखात पसरला. साउथ डकोटाने तर १९४३मध्ये त्याला राज्यपक्षी केले. तिथे शिकार पायी चालत केली जाते. माणसे आणि कुत्री ओळीने कापणीनंतरच्या मक्यातून, गवतातून पुढे सरकतात. पक्षी शेवटच्या क्षणापर्यंत दबून बसतो आणि एकदम उठतो. साउथ डकोटात फक्त नर मारायचा आणि दिवसाला तीनच, असा नियम आहे. म्हणजे पक्षी उठल्यावर आधी लांब शेपूट, रंग आणि गळ्यातली पांढरी पट्टी ओळखायची, मगच बंदूक खांद्याला. ओळख पटेपर्यंत पक्षी वीस-पंचवीस मीटरवर गेलेला असतो. पहिला बार चुकला तर दुसऱ्या बाराला तो पस्तीसच्या पुढे असतो.

इंग्लंडची रीत वेगळी. तिथे १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी हा हंगाम असतो. हाकेकरी पक्षी उठवतात आणि ते आखलेल्या जागी उभ्या असलेल्या बंदूकवाल्यांच्या डोक्यावरून उंच जातात. चालणे फारसे नसते, उभे राहणे जास्त. हा फरक लक्षात ठेवा, कारण बंदुकीचे वजन त्यावर ठरते.

आडवी दुनळी

माझी आवड आडवीकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. कारणे देतो, मग तुम्ही ठरवा.

पहिले कारण दोन चाप. जुन्या पद्धतीच्या आडवीत पुढचा चाप उजव्या नळीचा आणि मागचा डाव्या नळीचा. उजव्या नळीचे तोंड जरा मोकळे असते, डावीचे आवळलेले. या आवळण्यालाच चोक म्हणतात. छर्रे किती पसरतात हे मोजायची जुनी रीत अशी, की ४० यार्डांवर, म्हणजे साधारण ३६ मीटरवर, ७६ सेंटिमीटरच्या वर्तुळात किती टक्के छर्रे लागतात ते मोजायचे. अजिबात चोक नसलेल्या नळीचे सुमारे ४०, पाव चोकचे ५५, अर्ध्या चोकचे ६० आणि पूर्ण चोकचे ७० टक्के, असा हिशेब. फेझंट पायाजवळून उठला तर पुढचा चाप आणि पाव चोक. लांबून उठला तर बोट थेट मागच्या चापावर आणि अर्धा चोक. ही निवड बोट करते, डोक्याला वेळ घालवावा लागत नाही.

उभीच्या बहुतेक नमुन्यांत चाप एकच असतो. कुठली नळी आधी उडवायची हे ठरवायला एक छोटी कळ असते, बहुधा सेफ्टीच्या खटक्यापाशीच. कागदावर सोय सारखीच दिसते. पण पक्षी उठल्यावर ती कळ सरकवणारा माणूस मी पाहिलेला नाही. सगळे जण जी नळी ठरवून ठेवली असेल तीच आधी उडवतात.

दुसरे कारण वजन. फेझंटसाठी बांधलेली इंग्लिश पद्धतीची आडवी तीन किलोच्या आसपास भरते. मक्याच्या ढेकळांतून दिवसभर दोन्ही हातांत बंदूक धरून चालायचे तर पाव-अर्धा किलोचा फरक दुपारनंतर दंडाला कळतो. तिचा तोल दोन्ही हातांच्या मधोमध असतो, म्हणून ती खांद्याला झटकन येते.

तिसरे कारण उघडण्याचे. नळ्या शेजारी असल्याने आडवी थोडी वाकवली तरी दोन्ही काडतुसे निघतात. उभीत खालची नळी खोल असते, त्यामुळे ती जास्त उघडावी लागते. अडचणीच्या जागी, बांधाला टेकून उभे असताना, हे जाणवते.

आता तिचे उणेपण. आडवीवरून पाहताना डोळ्यासमोर दोन नळ्यांची रुंद पाटी येते. नवख्याचा नेम त्या रुंदीत हरवतो. उजवी नळी उडाली की धक्का किंचित उजवीकडे, डावी उडाली की डावीकडे जातो. जोराच्या काडतुसांना दुसरा बार सावरायला वेळ लागतो. पुढचे लाकूड बारीक असल्याने पुढच्या हाताची बोटे नळीवर येतात आणि ओळीने दहा-बारा बार काढले की चटके बसतात. यावर चामड्याचे वेष्टण मिळते, ते घ्या.

आजही बनणाऱ्या बहुतेक आडव्यांच्या पोटातली यंत्रणा १८७५ सालची आहे. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्समधल्या अॅन्सन आणि डीली या दोघांनी ती काढली. भाग कमी, झिजायला जागा कमी. आपल्याकडे मुंगेर आणि जम्मूच्या कारखान्यांत बनणाऱ्या दुनळ्या दुरुस्त करणारा कारागीर अजून सापडतो. उभीच्या एकचापी यंत्रणेला हात घालणारा जाणकार शोधावा लागतो.

उभी दुनळी

उभी लोकप्रिय केली जॉन ब्राउनिंगने. त्याच्या आयुष्यातली ही शेवटची रचना. १९२६मध्ये तो गेला, चापाचे काम मुलाने पुढे नेले आणि १९३१पासून बेल्जियममध्ये बनलेली बंदूक बाजारात आली. त्याआधीही इंग्लंडमध्ये उभ्या बनत होत्या, पण त्यांची किंमत सरदार-दरकदारांनाच परवडत असे.

तिचे बळ एका वाक्यात सांगता येते. ती जिकडे पाहता तिकडेच मारते. डोळ्यासमोर एकच अरुंद पट्टी असते. खालची नळी आधी उडते, ती खांद्याच्या रेषेजवळ असल्याने धक्का सरळ मागे येतो, तोंड कमी उसळते आणि दुसरा बार लवकर निघतो. ज्याने आयुष्यात छर्ऱ्याची बंदूक हातात धरलेली नाही, त्याला उभीवर शिकवणे सोपे. सैन्यात रायफल चालवलेल्यालाही ती लगेच ओळखीची वाटते, कारण नेम धरायची सवय तशीच लागू पडते.

मातीच्या तबकड्यांच्या खेळात तर प्रश्नच नाही. ऑलिंपिकच्या ट्रॅपमध्ये ११० मिलिमीटरची तबकडी साधारण ७६ मीटरपर्यंत फेकली जाते आणि काडतुसात २४ ग्रॅमपेक्षा जास्त छर्रे चालत नाहीत. तिथे सगळ्यांच्या खांद्याला उभीच दिसेल. २००४मध्ये अथेन्सला राज्यवर्धन सिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये (एकदम दोन तबकड्यांच्या प्रकारात) रौप्य मिळवले आणि आपल्या सैनिकी घरांतल्या कित्येक मुलांना हा खेळ पहिल्यांदा कळला. तुमच्या घरात असे मूल असेल तर आडवीचा विचारही करू नका. उभी घ्या, जड घ्या. साडेतीन किलोच्या वरची. तिथे वजन धक्का गिळते आणि फिरवताना बंदूक थांबू देत नाही.

पण हीच ट्रॅपची जड बंदूक घेऊन कोणी डकोटाच्या मक्यात चालायला निघाला तर दुपारपर्यंत पस्तावेल. फेझंटसाठी उभी घ्यायची तर सव्वातीन किलोच्या आतली, २८ इंची नळीची आणि चोक बदलता येणारी पाहावी. इंग्लंडमध्ये उभे राहून उंच पक्ष्यांवर मारायचे असेल तर ३० इंची आणि थोडी जड चालेल, किंबहुना तीच बरी.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात

पंप अॅक्शन, म्हणजे पुढचे लाकूड मागे-पुढे ओढून काडतूस भरायची बंदूक, दणकट असते, पाऊस-चिखल सोसते. अमेरिकेत तर फेझंटला घरोघरी तीच आढळते. रेमिंग्टनची ८७० तिथे १९५०पासून आहे. स्वयंचलित भरणीची धक्का सगळ्यांत कमी देते. इंग्लंडमध्ये साध्या शॉटगन परवान्यावर या दोन्हींत एकूण तीनपेक्षा जास्त काडतुसांची सोय चालत नाही, हे तिकडच्या मुलांनी ध्यानात ठेवावे.

तरी मी दोन्ही नाकारतो, आणि कारण एकच आहे. दुनळी मधून उघडून हातावर टाकली की पन्नास पावलांवरच्या माणसालाही ती रिकामी आहे हे दिसते. दोन गोल भोकांतून उजेड आरपार येतो. पंपच्या पोटात काडतूस आहे की नाही हे चालवणाऱ्यालाही वाकून पाहावे लागते. ओळीने चालणारी माणसे, मधे पळणारी कुत्री, गावाकडे बांधावर आलेली पोरं-सोरं, या सगळ्यांत मला उघडलेल्या दुनळीइतका विश्वास दुसऱ्या कशाचाच वाटत नाही. कुंपण ओलांडताना, गाडीत बसताना, कोणाशी बोलायला थांबताना ती उघडी असलीच पाहिजे. या बाबतीत आडवी आणि उभी समसमान आहेत.

एकनळी स्वस्त, हलकी आणि पिकाच्या राखणीला पुरेशी. फेझंटला नाही. वीस बोअर हलकी आणि किरकोळ बांध्याच्या माणसाला छान, पण आपल्याकडे तिची काडतुसे सहज मिळत नाहीत. आणि एक धोका कायमचा लक्षात ठेवा: वीसचे काडतूस चुकून बाराच्या बंदुकीत गेले तर ते पुढे सरकून नळीत अडकते. बंदूक रिकामी समजून मागून बाराचे काडतूस भरून बार काढला की नळी फुटते. एका घरात दोन्ही बोअर असतील तर काडतुसे वेगळ्या खोलीत ठेवा, एका कपाटाच्या दोन कप्प्यांत नाही.

अंगाला बसते का?

आडवी-उभीचा वाद घालणारे लोक हे विसरतात. दुकानात बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, मालकाला विचारा, सुरक्षित दिशेला तोंड करा आणि डोळे मिटून ती खांद्याला लावा. मग डोळे उघडा. पट्टीवरून सरळ पुढचा मणी दिसला पाहिजे. मान ताणावी लागली, गाल उचलावा लागला, की ती बंदूक तुमची नव्हे, मग नाव कितीही मोठे असो. विलायती दस्ते (बंदुकीचे खांद्याला टेकणारे लाकूड) बहुधा आपल्या सरासरी माणसाला लांब पडतात. सुतारकामाने अर्धा इंच कमी करता येतो.

परदेशातल्या मुलांसाठी याचेच उलटे. बेळगावला पातळ शर्टावर अगदी बसणारा दस्ता डकोटाच्या नोव्हेंबरात जाड जाकिटाला अडकतो. म्हणून तिथल्या दुकानात शिकारीचे जाकीट घालूनच मापून पाहा.

आणि नेमाचा डोळा कुठला हे आधी शोधा. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या खांबावर बोट धरा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने बोट खांबावरच राहते तो तुमचा नेमाचा. उजव्या खांद्याचा माणूस डाव्या डोळ्याचा निघाला तर आडवीवर त्याला फार त्रास होतो. अशाने उभी घ्यावी, किंवा सरळ डाव्या खांद्याने शिकावे.

जुनी विकत घेताना

साध्या परवानाधारकाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही. ही वाट १९८०च्या दशकापासून बंद आहे. त्यामुळे आपल्या भागात जुन्या विलायती आडव्या हात बदलत फिरतात. बऱ्याच सुंदर आहेत. पण नळीवर काय कोरले आहे ते भिंगाने वाचा. जुन्या इंग्लिश बंदुकांचे चेंबर (नळीत काडतूस बसते ती जागा) पुष्कळदा ६५ मिलिमीटरचे असते. त्यात ७० मिलिमीटरचे काडतूस घरंगळत बसते, पण उडताना त्याचे तोंड उलगडायला जागा नसते आणि दाब वाढतो. आपल्याला पुण्याच्या खडकीतली शक्तिमान काडतुसे मिळतात. पेटीवरचा आकडा आणि नळीवरचा आकडा जुळवल्याशिवाय भरू नका. नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असेल तर ती पीळ घातलेल्या लोखंडाची, काळ्या दारूच्या जमान्यातली आहे. ती भिंतीवर लावावी, आजची काडतुसे तिच्यात घालू नयेत.

शिशाच्या छर्ऱ्यांऐवजी बिनविषारी, बहुधा पोलादी, छर्रे वापरायची सक्ती अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी १९९१पासून देशभर आहे आणि काही सरकारी रानांत फेझंटलाही लागू होते. जुन्या, पूर्ण चोकच्या आडवीतून पोलादी छर्रे मारले तर नळीचे तोंड खराब होते. तिकडे जुनी आडवी घेणाऱ्याने हे आधी विचारावे. या बाबतीत मात्र नवी उभी बाजी मारते.

परवाना: खानापूरकरांनी आधी हे वाचावे

१९५९च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचाच उल्लेख आहे. ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. संरक्षण किंवा खेळासाठीच्या बंदुकीची नळी किमान २० इंच हवी. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आणि माणशी शस्त्रे दोनच. त्याच दुरुस्तीने लग्न-वरातीत बार काढून लोकांचा जीव धोक्यात घालणे हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरवला.

खानापूर तालुक्यात आणखी एक अट येते. भीमगड अभयारण्य २०११मध्ये जाहीर झाले. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव संरक्षकाची संमती आधी लागते. डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात अर्ज देण्यापूर्वी आपले गाव त्या दहा किलोमीटरांत येते का ते पाहा, म्हणजे फेऱ्या वाचतील. सीमेवरच्या गावांत जमीन कर्नाटकात आणि पाहुणे-रावळे चंदगडला अशी स्थिती असते. परवान्यावर जे क्षेत्र लिहिलेले असते त्याबाहेर बंदूक नेता येत नाही, मग ते शेत नदीपलीकडे दिसत असले तरी. आणि पीकराखणीचा परवाना म्हणजे डुकरावर किंवा गव्यावर बार टाकायची मुभा नव्हे. त्याला वन विभागाचा वेगळा हुकूम लागतो. आवाजाने पळवणे, इतकेच.

अमेरिकेत एच-१बी (नोकरीच्या) किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना जवळ असेल तर त्यातून सूट मिळते. म्हणून तिथे शिकारीचे शिक्षण आणि परवाना आधी, बंदूक मग. मित्राची बंदूक हातात घेण्यापूर्वीसुद्धा.

पावसाळा

आपल्याकडच्या चार महिन्यांत आडवी आणि उभी दोन्ही सारख्याच गंजतात. आडवीत दोन नळ्यांमधली खोबण खोल असते, पाणी तिथे साचते, म्हणून पुसताना पट्टीच्या दोन्ही बाजूंनी कापड ओढा. चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या पिशवीत जून ते सप्टेंबर बंदूक ठेवू नका, पिशवी ओल धरते. तेल हलका हात फिरवून लावा आणि कुलूपबंद कपाटात तोंड खाली करून ठेवा. तोंड वर करून ठेवली तर तेल उतरून दस्त्याच्या लाकडात मुरते आणि लाकूड मऊ पडते.

निवडणूक लागली की बहुतेकांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते आणि ती तिथे कित्येक आठवडे राहते. जमा करण्याआधी नळ्या आतून पुसून तेलाचे कापड फिरवा, पावतीवर क्रमांक आणि बोअर नीट लिहिलेला आहे का पाहा. परत घेताना ठाण्याच्या आवारातच, सुरक्षित दिशेला तोंड करून, ती उघडून दोन्ही नळ्या उजेडात धरून बघा. तळाशी तांबूस ठिपके दिसले तर त्याच संध्याकाळी तेल-ब्रश करा.